अडकित्त्याची सावली : बहुमितीय सामग्रीच्या स्थिर आणि संवादी चित्रांविषयी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या घरी, ते हयात असताना, दर गुरुवारी संध्याकाळी आम्हां चारसहा विद्यार्थ्यांची बैठक भरत असे. आणि आजच्या विषयाची माझी पहिली ओळख, संख्याशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात तो वाचण्यापूर्वी, अशाच एका बैठकीत वीज गेली असताना झाली. काकूंनी कंदील आणून ठेवला. सरांनी पानाच्या तबकातला पितळी अडकित्ता उचलला, आमच्याकडे पाठ करून तो उघडला, कंदील आणि भिंत यांच्यामध्ये धरला आणि विचारले, "सावली कशाची आहे?" भिंतीवर एक आखूड, जाडसर काठी दिसत होती, कुणी रूळ म्हणाले, कुणी पेन्सिल. मग त्यांनी मनगट हळूहळू वळवले. काठी एका टोकाला फाटली, फाटीतून उजेड आला, दोन दांडे वेगळे झाले, वरच्या अंगाला पात्याची चोच उमटली. आणि मनगट वळत होते तेवढा वेळ ती सावली सावली न वाटता भिंतीतून पुढे आलेली घन वस्तू वाटली. मनगट थांबले आणि ती पुन्हा सपाट झाली. "आता सांगा," सर म्हणाले, "अडकित्ता तुम्हांला कोणत्या घटकेला दिसला?" आम्ही गप्प राहिलो, आणि तेही उत्तरासाठी न थांबता सुपारी कातरू लागले.

पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळले की हान्स वॉलॅक आणि ओकॉनेल या मानसशास्त्रज्ञांनी १९५३ साली असाच प्रयोग वाकवलेल्या तारेवर केला होता. अर्धपारदर्शक पडद्यामागे तार फिरत असते, पडद्यावर तिची केवळ सपाट छाया पडते, आणि पाहणाऱ्याला, जोवर फिरणे चालू आहे तोवर, अवकाशात वळणारी खरीखुरी तार दिसते. फिरणे थांबले की उरतात त्या रेघोट्या. आगगाडीच्या खिडकीतून जवळची झाडे भराभर मागे पळतात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर चालत राहतो, त्यावरून कोण किती लांब आहे हे आपण न मोजता जाणतो, त्यातलाच हा प्रकार. डोळ्याला खोली कळते ती बऱ्याच अंशी गतीतून, आणि स्थिर चित्र व संवादी चित्र यांच्या तुलनेचा पाया मला येथे दिसतो.

प्रथम मिती या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. एखाद्याची उंची तेवढी नोंदली तर ती माणसे एका रेषेवर मांडता येतात. उंची आणि वजन नोंदले तर कागदावर. आणि रुग्णालयातील केसपेपरवर वीस तपासण्यांचे आकडे असतील तर तो रुग्ण संख्याशास्त्रज्ञाच्या दृष्टीने वीस मितींच्या अवकाशातला एक बिंदू होतो. अशा हजार रुग्णांचा त्या अवकाशात एक मेघ तयार होतो, त्याला आकार असतो, त्यात पुंजके असतात, पोकळ्या असतात, फाटे असतात. परंतु कागदाला मिती दोनच, त्यामुळे जे काही आपल्यापुढे येते ती त्या मेघाची छाया असते, आणि छाया म्हटली की प्रकाश कोणत्या बाजूने टाकला हा प्रश्न अटळपणे आला. हा प्रकाश चित्रकाराने एकदाच टाकून छाया कायमची गोठवली तर ते स्थिर चित्र. आणि प्रकाशाची दिशा बदलण्याचा, काही बिंदू झाकण्याचा, काहींना रंग देऊन ते दुसऱ्या छायेत कोठे जातात हे पाहण्याचा अधिकार पाहणाऱ्याच्या हाती दिला तर ज्याला मी संवादी चित्र म्हणतो ते. यांपैकी सरस कोणते असा सवाल नेहमी केला जातो. माझ्या मते दोघांचे अधिकार वेगळे आहेत, आणि एकाचा अधिकार दुसऱ्याने बळकावला की अनर्थ होतो. आजकाल तो होतही आहे.

दोन मितींतही छाया फसवू शकते याचा एक दाखला आपल्या घरचा आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक हे दोन डॉक्टर दिसतात. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून बॉडी मास इंडेक्स नावाचा जो आकडा काढतात, आणि ज्याच्या जोरावर जगभर माणसांना लठ्ठ किंवा सडसडीत ठरवले जाते, तो दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिनांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. एका अक्षावर दोघे एकमेकांवर तंतोतंत बसतात. दुसरा अक्ष उघडताच एक दुसऱ्याच्या दुपटीहून पुढे निघून जातो. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही त्याला मधुमेह का गाठतो, हे सांगण्यासाठी पुण्यात वर्षानुवर्षे चाललेल्या संशोधनाचे सार या एका चित्रात आले आहे. आणि लक्षात घ्या, हे चित्र स्थिर आहे. त्यात फिरवण्यासारखे, दाबण्यासारखे काही नाही. ज्यांनी ते केले त्यांना काय दाखवायचे आहे हे पक्के ठाऊक होते, कोणता अक्ष उघडायचा हे त्यांनी आधीच शोधून ठेवले होते, आणि म्हणून ते एका दृष्टिक्षेपात मनात उतरते. ज्ञात झालेली गोष्ट सांगायला स्थिर चित्रासारखा साक्षीदार नाही.

अडचण येते ती गोष्ट ज्ञात होण्यापूर्वी.

ज्यांनी ही अडचण प्रथम ओळखली त्यांच्यापाशी चित्रे नव्हती, तक्ते होते. मानवशास्त्रात एकेका माणसाची डोक्याची लांबी, रुंदी, नाकाची उंची, बसता उंची अशी कितीतरी मापे घेतली जात. आपल्याकडे डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील माणसांची अशी मापे १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. इतकी मापे एकत्र कशी पाहायची? कलकत्त्याच्या महालनोबिसांनी १९३६ साली दिलेले उत्तर असे की पाहूच नये, मोजावे : दोन समूहांमधील सर्व मापांचा, त्या मापांच्या परस्परसंबंधासह, एकच अंतर-अंक काढावा. ही कल्पना इतकी सकस होती की तिच्यावाचून आजही संख्याशास्त्राचे पान हलत नाही. पण अंतर दोन समूह किती दूर आहेत ते सांगते, कोणत्या बाजूला आणि कोणत्या आकाराने दूर आहेत ते सांगत नाही. आकार डोळ्यालाच विचारावा लागतो.

कागदावर राहून डोळ्याला विचारण्याचे मार्ग माणसाने मोठ्या कल्पकतेने काढले आहेत. हर्मन चर्नॉफ यांनी १९७३ साली प्रत्येक बिंदूचा एक चेहरा काढला : एका मापाने डोळ्यांतले अंतर, दुसऱ्याने नाकाची लांबी, तिसऱ्याने ओठांची मुरड, अशी अठरा मापांपर्यंत सोय. माणसाला चेहरे वाचण्याची उपजत सवय असते हे खरे. पण त्याच सवयीमुळे तो भुवईकडे पाहतो आणि कानाकडे पाहत नाही, तेव्हा कोणते माप कोणत्या अवयवाला दिले यावर सगळा निकाल अवलंबून राहतो, आणि मला हा मार्ग कधी पटला नाही. त्याहून भरवशाचा मार्ग अक्ष एकमेकांना काटकोनात न ठेवता, मागावरच्या ताण्याप्रमाणे शेजारीशेजारी उभे करण्याचा : प्रत्येक माणूस मग बिंदू न राहता या ताण्यावरून जाणारी एक नागमोडी रेघ होतो. फ्रान्समध्ये मोरिस दोकान्य यांनी १८८५ साली ही भूमिती मांडली होती, आणि आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी शंभर वर्षांनी तिला सामग्रीच्या चित्रणासाठी नवे आयुष्य दिले. परंतु कोणता अक्ष कोणाच्या शेजारी बसवायचा हा प्रश्न तेथेही उभाच राहतो, आणि रेघा हजारांवर गेल्या की ताण्याचे जाजम होते.

सर्वांत प्रामाणिक स्थिर मार्ग म्हणजे मापांच्या सर्व जोड्या घेऊन त्यांची बिंदुचित्रे एका चौकटीत रांगेने मांडणे. पाच मापे असली तर चित्रे दहा होतात, दहा असली तर पंचेचाळीस. आणि हाताने लिहिलेल्या अंकांचा ७०,००० चित्रांचा जो संच संगणकविद्येचे विद्यार्थी नेहमी वापरतात, त्यात एकेक अंक २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ ठिपक्यांचा असल्यामुळे, जोड्या ३,०६,९३६ होतात. तीन लाख चित्रे कोण पाहणार? आणि पाहिली तरी ती केवळ अक्षांच्या दिशेने पाहिलेली, समोरून, बाजूने आणि वरून, जशी सुतार कपाटाची काढतो तशी. मेघातला फाटा तिरका असेल तर तो या तीन लाखांपैकी एकाही चित्रात सापडेलच असे नाही.

याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण तीनच मितींचे आहे, आणि ते मी विद्यार्थ्यांना नेहमी हाताने फिरवायला लावतो. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, संख्या निर्माण करण्यासाठी रँडू नावाची एक कृती सर्रास वापरली जाई : आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचे, गुणाकाराला २ च्या ३१ व्या घाताने भागायचे, आणि बाकी उरेल ती पुढची संख्या समजायची. अशा लागोपाठच्या तीन तीन संख्या घेऊन एका चौकोनी पेटीत बिंदू टाकले तर समोरून पाहता कवडशातल्या धुळीसारखे सारखे पसरलेले बिंदू दिसतात. बाजूने पाहता तेच. वरून पाहताही तेच. तिन्ही स्थिर चित्रे एकमुखाने जबानी देतात की येथे काही नाही. मग मुलगा ती पेटी पडद्यावर फिरवू लागतो. धूळ धूळच राहते, राहते, आणि एका कोनात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, सगळी धूळ गोळा होऊन पंधरा रेघा उभ्या राहतात. पत्त्यांचा कॅट कडेने धरल्यासारख्या. आणखी थोडे फिरवले की पुन्हा धूळ. ज्या संख्यांवर शास्त्रज्ञांनी विश्वासाने आपली गणिते उभारली होती त्यांतील प्रत्येक तिकडी पंधरा सपाट पापुद्र्यांपैकी कोणत्यातरी एकावरच पडत होती. मात्र हेही सांगितले पाहिजे की अशा प्रकारच्या सर्वच कृतींचे बिंदू प्रतलांवर पडतात हे जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली सिद्ध केले ते कागदावर, अंकगणिताने. रँडूपुरते पाहायचे तर, संख्या शून्य आणि एक यांच्यामध्ये बसवून घेतल्यावर, तिसरीतून दुसरीची सहापट वजा केली आणि पहिलीची नऊपट मिळवली की उत्तर नेहमी पूर्णांक येते, आणि असे पूर्णांक पंधराच संभवतात. फिरवणाऱ्या हाताला जे क्षणभर दिसले त्याची रुजुवात स्थिर कागदानेच केली.

संवादी चित्राचा इतिहास १९७० च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्डच्या रैखिक त्वरकाच्या प्रयोगशाळेत सुरू झाला असे मानायला हरकत नाही. मेरी अ‍ॅन फिशरकेलर, जेरोम फ्रीडमन आणि जॉन टुकी या तिघांनी तेथे प्रिम-९ नावाची यंत्रणा उभारली. नावातली पहिली चार रोमन अक्षरे चार क्रियांच्या इंग्रजी नावांची आहेत : दर्शन, परिभ्रमण, विलगीकरण आणि आच्छादन, नऊ म्हणजे नऊ मितींपर्यंत. मूलकणांच्या टकरींतून निघालेले आकडे पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने तरंगत, पाहणारा बटणे दाबून त्यांना कोणत्याही दोन अक्षांच्या प्रतलात वळवी, एखादा पुंजका दिसला तर तेवढाच बाजूला काढून पुन्हा वळवी. यासाठी त्या काळच्या अवाढव्य संगणकाची शक्ती एका माणसाच्या डोळ्यासाठी राबत होती. आज तेच काम माझ्या नातीच्या टॅब्लेटवर होते. त्या तिघांची कर्तबगारी यंत्राच्या आकाराने मोजायची नाही. पाहणे ही कृती आहे, तिला व्याकरण असू शकते, आणि ते व्याकरण यंत्राला शिकवता येते, हे त्यांनी प्रथम ओळखले.

या यंत्रणेचा माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण उपयोग भौतिकीत न होता वैद्यकात झाला, आणि तो पुन्हा मधुमेहाच्याच बाबतीत. जेराल्ड रीव्हन हे वैद्य आणि रुपर्ट मिलर हे संख्याशास्त्रज्ञ, दोघेही स्टॅनफर्डचे. त्यांच्यापुढे सवाल असा होता : काही माणसांना मधुमेहाचे एकही लक्षण नसते, पण साखरेची चाचणी घेतली तर ती बिघडलेली आढळते, यांना त्या काळी रासायनिक मधुमेही म्हणत. हा बिघाड म्हणजे उघड मधुमेहाच्या वाटेवरचा पहिला मुक्काम, की ती वाटच निराळी? लठ्ठ नसलेल्या १४५ प्रौढ व्यक्तींची पाच मापे त्यांनी घेतली. वैद्यकीय वर्गवारीने त्यांत ७६ निरोगी, ३६ रासायनिक आणि ३३ उघड मधुमेही होते. मापांमध्ये साखर दिल्यावर रक्तातील ग्लुकोज किती चढते, इन्सुलिन किती स्रवते, आणि शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, ही तीन कळीची. प्रिम-९ वर हा मेघ फिरवता फिरवता एका कोनात त्यांना एक आकृती दिसली : मध्ये निरोगी माणसांचे जाड शरीर, आणि त्यातून दोन वेगवेगळ्या दिशांना फुटलेले दोन पंख, एका पंखात रासायनिक मधुमेही, दुसऱ्यात उघड. बूमरँगची उपमा त्यांनीच दिली. एका पंखाच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर थेट जाणारा पूल मेघात नव्हता.

१९७९ साली हा निबंध छापायची वेळ आली तेव्हा काय झाले हे माझ्या आजच्या म्हणण्याचे मर्म आहे. फिरता मेघ नियतकालिकाच्या पानावर छापता येत नाही. तेव्हा एका चित्रकाराकरवी त्या त्रिमितीय आकृतीचे रेखाटन करवून घेण्यात आले, आणि वाचकांपर्यंत पोहोचले ते हे हाताने काढलेले, स्थिर, दोन पंखांचे चित्र. शोध लागला गतीतून. त्याची साक्ष नोंदली गेली स्थैर्यातून. मला यात कमीपणा दिसत नाही. ज्यांना कोन सापडला होता त्यांनी तो कोन इतरांसाठी धरून ठेवला, सरांनी मनगट थांबवले तसे. आणि तो धरून ठेवला म्हणूनच इतरांना त्यावर वाद घालता आला. वाद घालण्याजोगी जागाही होती, कारण ते १४५ बिंदू १४५ निराळी माणसे होती, एकाच माणसाच्या आयुष्यातल्या १४५ घटका नव्हत्या. मेघात पूल नाही यावरून काळातही पूल नाही असे ठरत नाही. इन्सुलिन वाढवून वाढवून थकलेले स्वादुपिंड एका पंखावरून दुसऱ्यावर माणसाला नेऊ शकते, आणि अनेकांना नेते, हे पुढच्या वैद्यकाने दाखवले आहे. चित्रात काळाचा अक्षच नव्हता, मग तो फिरवून सापडणार कसा?

अशी आकृती फिरवता फिरवता सापडते ती योगायोगाने की पद्धतशीरपणे, हा पुढचा प्रश्न होता. डॅनियल असिमॉव्ह यांनी १९८५ साली 'ग्रँड टूर' नावाची युक्ती मांडली : यंत्राने स्वतःच मेघाभोवती अशी अखंड, सावकाश प्रदक्षिणा घालावी की पुरेसा वेळ दिला तर पाहण्याची कोणतीही दिशा तिच्या जवळून गेल्यावाचून राहू नये. युक्ती सुंदर आहे, पण 'पुरेसा वेळ' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. तीन मितींत पाहण्याची दिशा दोन आकड्यांनी ठरते. दहा मितींत दोन मितींची छाया निवडायला सोळा आकडे लागतात. देवळाची प्रदक्षिणा पाच मिनिटांत होते. या देवळाची आयुष्यभरात होणार नाही. त्यात पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८४ साली सिद्ध केले की मिती पुष्कळ असल्या की, फारशा कडक नसलेल्या अटींखाली, बहुतेक सर्व छाया एकसारख्या, घंटेच्या आकाराच्या, निराकार ढिगासारख्या दिसतात. म्हणजे डोळे मिटून निवडलेली छाया जवळजवळ नेहमी म्हणेल की येथे काही नाही, आणि काही असलेच तर ते मोजक्या कोनांत दडलेले असेल. याच अडचणीवर प्रिम-९ चे जेरोम फ्रीडमन आणि टुकी यांनी त्याआधीच, १९७४ साली, यंत्राला ढिगासारखे न दिसणारे कोन हुडकायला लावण्याची पद्धत काढली. शोधाचा पहिला फेरा यंत्राने घालावा आणि मग हात माणसाने घ्यावा, ही तजवीज मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

येथवर मी संवादी चित्राची बाजू मांडली. आता त्याच्या विरुद्ध पक्षाची कैफियत ऐकली पाहिजे, आणि तीत माझी स्वतःची एक साक्ष आहे. तरुणपणी मी उसाच्या रसाच्या साठेक नमुन्यांचे आठ मापांचे आकडे दोन संध्याकाळ पडद्यावर फिरवत बसलो होतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी मला एका कोनात सात नमुने बाकीच्यांपासून स्पष्ट सुटलेले दिसले. मी तो कोन गोठवला, चित्र छापले, सात नमुन्यांचे एक कारणही शोधून काढले, आणि ते एका सभेत वाचले. पुढच्या हंगामातले नमुने त्याच कोनात मांडले तेव्हा तो पुंजका कोठेच नव्हता. मी लबाडी केली नव्हती; मी फक्त शेकडो कोन पाहिले होते आणि श्रोत्यांना एकच दाखवला होता. आठ मिती आणि साठ बिंदू असले की कोणत्यातरी कोनात काहीतरी सुटून दिसणारच, आणि फिरवणाऱ्या हाताला नेमका तोच कोन थांबण्यासारखा वाटतो. किती कोन टाकून दिले याची नोंद मी ठेवली नव्हती. त्या सभेतल्या एकाही माणसाने ती मागितली नाही याचे मला आज जास्त वाईट वाटते.

या रोगावर एक इलाज आहे, आणि तो फौजदारी कचेरीतून आलेला आहे. पोलीस आरोपीला एकट्याला साक्षीदारापुढे उभा करून 'हाच ना तो?' असे विचारत नाहीत. त्याला इतर माणसांच्या रांगेत उभे करून ओळखपरेड घेतात. आंद्रेआस बुया, डायान कुक, हॅडली विकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली चित्रांचीही अशी ओळखपरेड सुचवली : खऱ्या सामग्रीचे एक चित्र घ्यावे, आकडे यदृच्छेने पिसून तयार केलेली एकोणीस चित्रे त्यात मिसळावीत, आणि ज्याने मूळ चित्र पाहिलेले नाही अशा माणसाला विचारावे की यांतले वेगळे कोणते. त्याने खरे चित्र निवडले तर ते नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता विसात एक. माझे उसाचे चित्र या परेडीत उभे केले असते, आणि पिसलेल्या आकड्यांनाही तेवढाच वेळ फिरवून त्यांचाही उत्तम कोन निवडला असता, तर माझ्या सात नमुन्यांना कुणी ओळखले नसते असे मला वाटते. आणि ही परेड होते ती स्थिर चित्रांचीच, हे ध्यानात असू द्या. फिरती वीस चित्रे शेजारीशेजारी तोलणे माणसाच्या स्मरणशक्तीला झेपत नाही. जॉर्ज रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली देशोदेशींच्या बदलत्या आकड्यांवर हीच तुलना करून पाहिली तेव्हा लोकांना हलते चित्र अधिक आवडले. पण विश्लेषणाच्या कामात स्थिर चित्रांवरून उत्तरे लवकर मिळाली, आणि लहान लहान स्थिर चित्रांच्या रांगेवरून ती अधिक अचूकही आली. नुसते हलणारे आणि हाताने हलवता येणारे यांत फरक आहे हे मला मान्य आहे. तरी डोळ्याला मागेपुढे जाऊन ताडून पाहायचे असेल तर समोरची वस्तू जागेवर राहिली पाहिजे, ही गोष्ट दोहोंना लागू आहे.

आता मी ज्याला अनर्थ म्हटले त्याकडे वळतो. लॉरेन्स व्हान डेर मातेन आणि जेफ्री हिंटन यांनी २००८ साली टी-स्नी नावाची पद्धत दिली, आणि २०१८ साली यूमॅप नावाची तिची धाकटी बहीण आली. या पद्धती छाया टाकत नाहीत. त्या मेघाला उकलून, ताणून, कापून कागदावर पसरतात, आणि पसरताना एवढीच काळजी घेतात की जे मुळात शेजारी होते ते शक्यतो शेजारी राहावेत. हस्तलिखित अंकांचा तो ७८४ मितींचा मेघ त्यांनी पसरला की दहा अंकांची दहा बेटे डोळ्यांपुढे येतात, आणि ते दृश्य पहिल्यांदा पाहताना मी हरखून गेलो होतो हे कबूल करतो. परंतु या नकाशात बेटाचा आकार लहान की मोठा याला फारसा अर्थ नाही, दोन बेटांमधले अंतर बहुधा विश्वासार्ह नाही, आणि आरंभीची मांडणी किंवा 'पर्प्लेक्सिटी' नावाची एक कळ बदलली की बेटे निराळी दिसतात. निव्वळ यादृच्छिक आकड्यांतही ती कळ खाली आणली तर पुंजके दिसू लागतात. मार्टिन वॉटनबर्ग, फर्नांडा व्हिएगस आणि इयन जॉन्सन यांनी २०१६ साली ते वाचकाला स्वतः कळ फिरवून पाहता येईल अशा रीतीने दाखवले, आणि त्या फिरवण्याने जे पटते ते दहा पानांच्या इशाऱ्याने पटत नाही. म्हणजे ही पद्धत स्वभावतः संवादी आहे : कळ फिरवत, पुन्हा पुन्हा पसरत पाहिली तरच तिचे खरेखोटे कळते. पण जीवशास्त्राच्या निबंधांतून पेशींचे जे रंगीत नकाशे आज हजारोंनी छापले जातात, त्यांत पुष्कळदा एकच पसरण, एकाच कळीवर, गोठवून दिलेली असते. आणि वाचक तिच्यातली अंतरे मोजून कोणती पेशी कोणाच्या जवळची हे ठरवतो. स्थिर चित्राचा भरवसा आणि संवादी चित्राचे स्वातंत्र्य, दोन्ही येथे एकाच कागदावर आली, आणि स्थैर्यामागची जबाबदारी मात्र मागे राहिली.

माझी मागणी साधी आहे आणि ती खर्चाची नाही. मुलकी खात्यात निकालाबरोबर रोजनामा दप्तरी दाखल होतो : कोणत्या तारखेला काय झाले, कोण हजर होते, काय नामंजूर झाले. छापलेल्या प्रत्येक बहुमितीय चित्राबरोबर असाच रोजनामा असावा : छाया असेल तर कोणत्या मापाला किती वजन देऊन ती काढली, पसरण असेल तर कळ कोठे होती आणि ती हलवल्यावर काय टिकले व काय विरले, आणि या चित्रापूर्वी किती चित्रे पाहून टाकून दिली. पडद्यावरची प्रत्येक हालचाल यंत्राला नोंदता येते. तेव्हा हा रोजनामा लिहिण्याचे कष्टही माणसाला पडत नाहीत. तो मागण्याची वहिवाट पाडली पाहिजे, आणि ती परीक्षकांनी, संपादकांनी आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी पाडायची आहे.

परवा या व्याख्यानाची टिपणे काढताना रीव्हन आणि मिलर यांचे ते १४५ बिंदू मी पुन्हा एकदा पडद्यावर घेतले. आधी मुद्दाम इन्सुलिनचा अक्ष थेट माझ्या डोळ्याच्या रोखाने वळवला, म्हणजे समोर उरले ग्लुकोज आणि इन्सुलिनला न जुमानण्याचे प्रमाण. त्या कोनात पंख नव्हते. निरोगी, मग रासायनिक, मग उघड मधुमेही असे तिन्ही गट एकाच चढणीवर एकामागोमाग लागले होते, आणि ते पाहून कुणीही शपथेवर सांगितले असते की ही एकच वाट असून मधला गट हा तिच्यावरचा मुक्काम आहे. मग मी बोटाने मेघ किंचित वळवला. काठीचे टोक फाटले, इन्सुलिन भरपूर असलेली माणसे एका अंगाला निघाली, इन्सुलिन आटलेली दुसऱ्या अंगाला राहिली, आणि दोन दांड्यांच्या मधून उजेड दिसू लागला.